वाऱ्यातील क्रेनचालन

वाऱ्यातील क्रेनचालन म्हणजे बांधकामावरील क्रेन वाहत्या वाऱ्यात केव्हा चालवावी, केव्हा थांबवावी आणि थांबविल्यावर कोणत्या स्थितीत उभी ठेवावी यासंबंधीचे तंत्र व नियम होत. परिभाषेत क्रेनसाठी ‘यारी’ असा शब्द आहे. परंतु प्रत्यक्ष कामावर तो कोणी उच्चारत नाही, म्हणून या लेखात क्रेन हाच शब्द योजला आहे.

प्रत्येक क्रेनच्या पुस्तिकेत वाऱ्याच्या वेगाची एक कमाल मर्यादा दिलेली असते. हा एकच आकडा लक्षात ठेवला म्हणजे पुरे, असा समज बांधकामाच्या जागी सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. ही मर्यादा भाराचा आकार, बूमची उंची, वाऱ्याची दिशा आणि झोतांचे स्वरूप यांवर अवलंबून बदलते. शिवाय क्रेन सुरक्षित स्थितीत आणण्यास वेळ लागतो, त्यामुळे थांबण्याचा निर्णय वारा मर्यादेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

वाऱ्याचा दाब

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग केला व त्यास १.६ ने भागले, की दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ५ मी/से वेगाला हा दाब सुमारे १६, १० मी/से वेगाला सुमारे ६३ आणि २० मी/से वेगाला २५० न्यूटन भरतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ‘वारा थोडा वाढला आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे ठरते.

दुसरी गोष्ट उंचीची. हवामान खात्याच्या अंदाजातील वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा धरलेला असतो. मोकळ्या माळावर १० मीटर उंचीवर ९ मी/से वेगाने वाहणारा वारा १०० मीटर उंचीवर साधारण १२.४ मी/से वेगाने वाहतो. म्हणजे तेथील दाब खालच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट असतो. वायुवेगमापक क्रेनच्या सर्वांत उंच भागावर, आडोसा नसलेल्या ठिकाणी बसवितात तो याचसाठी. खाली उभ्या असलेल्या मुकादमाच्या गालाला लागणारा वारा हे बूमच्या टोकावरील वाऱ्याचे माप नव्हे.

तिसरी गोष्ट झोतांची. वारा एकसारखा वाहत नाही. दहा मिनिटांची सरासरी मर्यादेच्या आत असूनही तीन सेकंदांचा एखादा झोत तिच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, आणि क्रेन पडते ती झोताने. पुस्तिकेतील आकडा बहुधा तीन सेकंदांच्या झोताचा असतो. अंदाजात मात्र सरासरी वेग व झोताचा वेग असे दोन आकडे येतात. दोहोंची गल्लत होऊ नये. अंदाज ताशी किलोमीटरमध्ये आणि पुस्तिका मीटर प्रति सेकंदात असते, ही आणखी एक अडचण. मी/से ला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात.

भाराचे क्षेत्रफळ

फिरत्या क्रेनसंबंधीच्या युरोपीय मानकानुसार भारतक्त्यातील वाऱ्याची मर्यादा काढताना दर टन भारामागे १.२ चौरस मीटर एवढे वाऱ्याला अडणारे क्षेत्रफळ गृहीत धरतात. उचलायची वस्तू जड व आटोपशीर असेल, तर हे गृहीतक पुरेसे असते. वस्तू हलकी व पसरट असेल, तर ते कोसळते. अशा वेळी नवी मर्यादा काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे : भाराचे टनातील वजन १.२ ने गुणावे. त्या गुणाकारास भाराच्या परिणामी क्षेत्रफळाने, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले आकारगुणक याने, भागावे. आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याने तक्त्यातील वेगमर्यादेस गुणावे.

उदाहरणादाखल १० टनांची, ८ मीटर लांब व १ मीटर उंच अशी काँक्रीटची तुळई घेऊ. आकारगुणक १.२ धरला, तर परिणामी क्षेत्रफळ ९.६ चौरस मीटर येते. तक्त्यात गृहीत धरलेले १२ चौरस मीटर आहे. त्यामुळे तक्त्यातील मर्यादा जशीच्या तशी लागू पडते. (हिशेबात ती वाढलेली दिसली, तरी वाढवून घ्यायची नसते.) आता २ टन वजनाची, लोखंडी चौकटीवर पत्रे जोडलेली २० चौरस मीटरची भिंत घेऊ. परिणामी क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, गृहीत मात्र केवळ २.४. भागाकार ०.१ आणि वर्गमूळ सुमारे ०.३२. तक्त्यात मर्यादा ९ मी/से, म्हणजे ताशी ३२ किमी असेल, तर या भिंतीसाठी ती जेमतेम २.८ मी/से, म्हणजे ताशी १० किमी उरते. त्याच क्रेनने, त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात तुळई निर्धास्त उचलता येईल; तिच्या पंचमांश वजनाची पत्र्याची भिंत मात्र उचलता येणार नाही. ‘दोनच टन तर आहे’ या शब्दांत ज्या धोक्याची बोळवण केली जाते, तो हा.

हीच भिंत ९ मी/से वाऱ्यात उचलली, तर तिच्यावर सुमारे १२४ किलो वजनाइतका आडवा रेटा येतो. बूमच्या टोकापासून २५ मीटर दोरावर ती लटकत असेल, तर सरळ ओळंब्यापासून सुमारे दीड मीटर बाजूला सरकते. १४ मी/से वेगाचा झोत आला की रेटा ३०० किलोंच्या आसपास जातो व सरकणे पावणेचार मीटरांच्या घरात पोहोचते. हा हिशेब स्थिर वाऱ्याचा आहे. प्रत्यक्षात भार झोके घेतो आणि स्वतःभोवती फिरतो. भाराला बांधलेले दोर दोन्ही बाजूंनी धरून तो आवरण्याची पद्धत आहे. भार फिरू नये एवढ्यापुरता या दोरांचा उपयोग. ३०० किलोंचा रेटा दोन माणसे थोपवू शकत नाहीत, आणि दोर हाताला गुंडाळून धरला असेल तर माणूसच ओढला जातो.

भाराच्या क्षेत्रफळाकडे दुर्लक्ष झाल्याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील आहे. १४ जुलै १९९९ रोजी तेथील मिलर पार्क या बेसबॉल मैदानाच्या छताचा ४०० टनांहून अधिक वजनाचा भाग उचलत असताना ‘बिग ब्लू’ या टोपणनावाने ओळखली जाणारी प्रचंड क्रेन कोसळली. त्या वेळी वाऱ्याचे झोत ताशी ४० किमीच्या आसपास होते. वादळ म्हणावे असे काही नव्हते. वाऱ्याचा क्रेनवरील परिणाम विचारात घेतला गेला होता, परंतु छताच्या विस्तीर्ण भागावर येणारा आडवा रेटा हिशेबात धरलेला नव्हता. दुसऱ्या एका क्रेनला लटकविलेल्या पाळण्यात उभे राहून काम पाहणारे तीन लोहारकाम कामगार या अपघातात मृत्युमुखी पडले. माणसे पाळण्यात बसवून उचलण्यासंबंधीचे नियम अधिक कडक असतात. अमेरिकी नियमांनुसार पाळण्यापाशी वाऱ्याचा वेग ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किमीच्या पुढे गेला, तर उचल सुरक्षित आहे की नाही हे जाणकार व्यक्तीने ठरविल्याखेरीज काम करता येत नाही.

वाऱ्याची दिशा

क्रेनच्या मागून येणारा वारा भार पुढे ढकलतो. त्यामुळे भाराचे क्रेनपासूनचे अंतर वाढते व उचलण्याची क्षमता घटते. समोरून येणारा वारा वरवर मदत करणारा वाटतो. भारदर्शक यंत्रही कमी ताण दाखविते आणि चालक आणखी भार उचलू पाहतो. वारा एकाएकी पडला की तोच भार क्रेनला झेपेनासा होतो. बूम ताठ उभी आणि दोरावर भार नाही अशा स्थितीत समोरचा जोरदार वारा क्रेन मागेही उलथवू शकतो. सर्वांत घातक वारा बाजूचा. बूम खालीवर ताण घेण्यासाठी घडविलेली असते, आडव्या ताणाला ती तुलनेने दुबळी असते. त्यातही भारदर्शक यंत्राला बाजूचा वारा कळतच नाही. पडद्यावर हिरवा दिवा असताना बूम वाकू शकते.

मर्यादा आणि उभे ठेवण्याची रीत

मनोरा क्रेन, म्हणजे इमारतीसोबत उंच होत जाणारी टॉवर क्रेन, युरोपीय पद्धतीच्या आरेखनानुसार चालू स्थितीत ताशी ७२ किमी, म्हणजे २० मी/से वाऱ्यापर्यंतचा ताण सोसेल अशी बांधलेली असते. ही आरेखनाची कमाल सीमा आहे. पसरट भारासाठी काम तिच्या बरेच आधी थांबते, आणि मनोऱ्यात नवा टप्पा चढवून उंची वाढविण्याचे काम त्याहूनही शांत हवेत करावे लागते. फिरत्या क्रेनच्या मर्यादा याहून कमी असतात. बूम जितकी लांब तितकी मर्यादा खाली येते.

काम थांबल्यावर मनोरा क्रेनचा फिरतीचा ब्रेक सोडून ठेवतात. नवख्यास हे उलटे वाटते, कारण वादळात वस्तू घट्ट बांधून ठेवण्याची आपल्याला सवय असते. परंतु ब्रेक सोडला की आडवी बूम वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याच्या दिशेने वळते व वाऱ्याला कमीत कमी अंग दाखविते. ब्रेक लावून ठेवलेली किंवा दोराने इमारतीला बांधलेली बूम वारा आडवा झेलते, आणि तिच्यावर येणाऱ्या रेट्यासाठी मनोरा बांधलेलाच नसतो. भार काढून आकडा वर घेणे, ट्रॉली पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आणणे व मग वीज बंद करणे हा क्रम असतो. बूमच्या फिरण्याच्या वर्तुळात शेजारची इमारत किंवा दुसरी क्रेन येत असेल, तर वळण मोकळे राहत नाही. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात हा प्रश्न क्रेन उभारण्यापूर्वीच सोडवावा लागतो. बूमवर कंपनीचा फलक, उत्सवाची तोरणे किंवा मोठा ध्वज लावण्याची हौसही येथे महागात पडते, कारण त्याने वाऱ्याला अडणारे क्षेत्रफळ वाढते आणि बूम वाऱ्यासोबत वळण्याचा तोल बिघडतो. उत्पादकाने परवानगी दिली त्याहून मोठा फलक लावू नये.

साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या क्रॉलर क्रेनची लांब जाळीदार बूम मात्र वाऱ्यासोबत अशी सोडून देता येत नाही. ती जमिनीवर उतरवून ठेवावी लागते. ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केतील मशिदीच्या विस्तारकामावरील एक अजस्र क्रॉलर क्रेन वादळी वाऱ्यात मशिदीवर कोसळून शंभराहून अधिक यात्रेकरू मरण पावले. त्यांत भारतीयही होते. क्रेन त्या वेळी काम करीत नव्हती. वापरात नसताना बूम खाली उतरवून ठेवण्याची उत्पादकाची सूचना पाळली गेली नव्हती, असे चौकशीत पुढे आले.

बूम उतरविण्यासही मोकळी जागा, माणसे व वेळ लागतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ५ फेब्रुवारी २०१६ रोजी वारा वाढल्यामुळे काम थांबवून बूम खाली घेतली जात असतानाच एक क्रॉलर क्रेन रस्त्यावर आडवी झाली व एकाचा मृत्यू झाला. थांबण्याचा निर्णय झाला होता, परंतु उतरविण्याची क्रियाच अपघाताची वेळ ठरली. यानंतर त्या शहराने क्रॉलर क्रेनसाठी वाऱ्याच्या मर्यादा अधिक कडक केल्या.

महाराष्ट्रातील वारे

राज्यात क्रेनला धोका पोहोचविणारे वारे मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला चक्रीवादळांचा. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेले निसर्ग आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलेले तौक्ते ही अलीकडची उदाहरणे. चक्रीवादळाची सूचना दिवसांच्या मापाने आधी मिळते. क्रेन उतरविण्यास सवड सापडते. दुसरा प्रकार मॉन्सूनपूर्व गडगडाटी वादळांचा, आणि क्रेनचालकाच्या दृष्टीने तोच अधिक वाईट. मार्च ते जून या काळात दुपारनंतर ढग उभे वाढतात व त्यांतून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. या हवेची आघाडी पावसाच्या आधी पोहोचते. ऊन असते, पाऊस दूर दिसत असतो, आणि काही मिनिटांत धुळीचा लोट येऊन थडकतो. विदर्भात अशा वादळाला बोलीत ‘वावधान’ म्हणतात.

१३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले. घाटकोपरच्या छेडानगर भागात पेट्रोल पंपावर कोसळलेल्या महाकाय जाहिरात फलकाखाली १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच दुपारी वडाळ्यात बांधकाम चालू असलेला लोखंडी पार्किंगचा मनोरा कोसळला. या क्रेनच्या दुर्घटना नव्हेत. परंतु पसरट पृष्ठभागावर वारा काय करतो हे त्यांतून दिसते. घाटकोपरचा फलक १२० फूट गुणिले १२० फूट, म्हणजे सुमारे १,३३८ चौरस मीटरचा होता. ताशी ७२ किमी वेगाच्या वाऱ्याचा एवढ्या पृष्ठभागावर ढोबळमानाने ३४ टन वजनाइतका रेटा येतो.

वाऱ्याचा धोका किनाऱ्यापुरता आहे, हा समज भारतीय मानक ८७५ (भाग ३) पाहिला की टिकत नाही. बांधकामांच्या आरेखनासाठी या मानकात शहरवार मूलभूत वाऱ्याचे वेग दिले आहेत. ते १० मीटर उंचीवरील तीन सेकंदांच्या झोताचे आहेत. पुण्यासाठी हा वेग ३९ मी/से आहे. मुंबईसाठी ४४ मी/से, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरसाठीही ४४ मी/से, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी! रिकाम्या उभ्या क्रेनलाही असा झोत कधीतरी सोसावा लागेल, हे धरूनच तिचा पाया व मनोऱ्याचे बंध आखावे लागतात.

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार आणि धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल येथील पवनचक्क्यांच्या उभारणीत हा विषय आणखी अवघड होतो. वारा भरपूर म्हणून जागा निवडायची आणि पाती चढवायची ती वारा नसताना. पाते लांबीच्या मानाने हलके, आणि वाऱ्याला पकडण्यासाठीच घडविलेले. त्यामुळे पाती चढविण्याची मर्यादा बहुधा ८ ते १० मी/से एवढीच असते. बूम उभारून पहाटेच्या शांत घटकेची वाट पाहणे हा अशा कामाचा मोठा भाग असतो.

आंजी (मोठी) व परिसर

वर्धा–आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) सारख्या गावांत मनोरा क्रेन दिसण्याचा प्रसंग क्वचित. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या कामामुळे या भागात मोठ्या क्रेन आल्या व गेल्या. महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. रोजच्या कामाला येते ती ‘हायड्रा’. रबरी चाकांवर चालणारी, भार उचलून घेऊन जाणारी ही छोटी क्रेन जिनिंगच्या किंवा गोदामाच्या छपराच्या कैच्या चढविते, पत्र्यांचे गठ्ठे हलविते, विजेचे खांब उभे करते. ती लहान असल्याने वाऱ्याचा विचार तिच्याबाबत सहसा होत नाही. वस्तुतः कैच्या, पत्रे, पाण्याच्या रिकाम्या टाक्या हे तिचे नेहमीचे भार हलके व पसरट, म्हणजे वर केलेल्या हिशेबातील पत्र्याच्या भिंतीच्या जातीचे असतात. चालताना तिला बाजूचे जॅक टेकलेले नसतात आणि वायुवेगमापक तर नसतोच.

मापक नसेल तेथे बोफर्ट श्रेणीतील खुणा उपयोगी पडतात. धूळ व सुटे कागद उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की वारा ताशी २० ते २८ किमी आहे. पत्रे व कैच्या उचलण्याचे काम येथेच थांबवावे. पालवी असलेली लहान झाडे डोलू लागली, की ताशी २९ ते ३८ किमी. मोठ्या फांद्या हलू लागल्या व छत्री धरणे अवघड झाले, की ताशी ३९ ते ४९ किमी. या वाऱ्यात हायड्राचा आकडा रिकामा आणि बूम खाली असली पाहिजे. खुणांवर विसंबण्यास मर्यादा आहे, कारण त्या वारा आल्यावर दिसतात. वादळाची आघाडी ओळखण्यासाठी क्षितिजावरील धुळीची भिंत, एकाएकी पडलेला वारा व मग उलट दिशेने आलेली थंड झुळूक यांकडे लक्ष ठेवावे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून पुढील तीन तासांसाठीचे तातडीचे इशारे जिल्हावार दिले जातात. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घेता येते.

या भागातील काळी जमीन हा आणखी एक मुद्दा. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक असते व तिला भेगा पडतात. अवकाळी पावसाची एक सर आली की वरचा थर लोण्यासारखा होतो. वाऱ्याच्या रेट्याने क्रेनचा बराच भार एका बाजूच्या जॅकवर येतो आणि नेमका तोच जॅक रुतू लागतो. जॅकखाली रुंद लाकडी स्लीपर किंवा लोखंडी प्लेटा अंथरणे व प्रत्येक पावसानंतर क्रेनची पातळी पुन्हा तपासणे आवश्यक असते. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांपाशी तर वाऱ्यात भार आणि तारा दोन्ही हलतात. शांत हवेत पुरेसे वाटलेले अंतर तेथे पुरत नाही.

थांबविण्याचा अधिकार

भारतात इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ व त्याखालील १९९८ चे केंद्रीय नियम यांत उचल यंत्रांची चाचणी, सक्षम व्यक्तीकडून ठरावीक काळाने होणारी सखोल तपासणी आणि चालकाची पात्रता यांविषयी तरतुदी आहेत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आहे. भारतीय मानक १३३६७ क्रेनच्या सुरक्षित वापराविषयी आहे.

कागदावरील तरतुदींपेक्षा अवघड प्रश्न कामावरील व्यवहाराचा आहे. क्रेन बहुधा तासाच्या किंवा पाळीच्या भाड्याने आणलेली असते. वारा पडेपर्यंत ती उभी राहिली, तरी भाडे चालूच राहते, आणि ‘एवढी एक कैची चढव, मग थांबू’ असे सांगणारा नेहमी चालकाहून वरच्या हुद्द्याचा असतो. म्हणून वाऱ्याची मर्यादा, तिच्या आधीची सावधानतेची पातळी आणि थांबविण्याचा अंतिम अधिकार चालकाचा आहे ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरवून ठेवावी, वाऱ्यामुळे वाया जाणाऱ्या तासांचे भाडे कोणी सोसायचे हेही करारात नमूद करावे. हे न लिहिलेल्या ठिकाणी सुरक्षिततेच्या बाकीच्या पाट्या शोभेपुरत्या उरतात.

वादळानंतर

वारा शमल्यावर क्रेन लगेच चालू करीत नाहीत. मनोऱ्याचे बोल्ट व पिना, पायाचे काँक्रीट, इमारतीला जोडणारे बंध, दोर कप्पीतून निसटला आहे काय, बूमच्या जाळीतील एखादी नळी वाकली आहे काय, हे पाहावे लागते. फिरत्या क्रेनचे जॅक व त्याखालची जमीन तपासून पातळी पुन्हा लावतात. ही तपासणी नोंदवहीत लिहून, सक्षम व्यक्तीच्या सहीनंतर, प्रथम रिकाम्या आकड्याने सर्व हालचाली करून पाहतात व मगच भार उचलतात.